पायलटला नक्की कुठलं इंग्रजी लागतं?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत बारावी सायन्स झालेलं कुणी "मला पायलट व्हायचंय" म्हणालं, की घरात दोन प्रश्न हमखास येतात. पैसे कुठून आणायचे, आणि इंग्रजीचं काय? पहिल्यासाठी लाखांचं कर्ज काढावं लागतं, कधी घरही तारण जातं. दुसऱ्यासाठी आपण थेट क्लास शोधायला निघतो. पण क्लास निवडण्याआधी आज थोडा इतिहास बघू. कारण पायलटच्या इंग्रजीची परीक्षा मुळात का सुरू झाली, हे कळलं की निवड सोपी होते.

१५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या छोट्या पस मॉथ विमानात रेडिओच नव्हता. आकाश रिकामं होतं, बोलायचं कुणाशी? पुढे विमानं वाढली, रेडिओ आला आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणांत इंग्रजी रुळली. पण पायलटला ती किती यायला हवी, याचं जगभर एकच मोजमाप नव्हतं.

आता १२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ. दिल्लीहून सौदी अरेबियाचं बोइंग ७४७ निघालं होतं, त्यात ३१२ माणसं. समोरून कझाकस्तानचं विमान दिल्लीकडे येत होतं, त्यात ३७. सौदी विमानाला १४,००० फुटांवर राहायला सांगितलं होतं, कझाक विमानाला १५,००० वर. मध्ये फक्त हजार फूट. दिल्लीच्या रडारवर तेव्हा विमानांची उंची दिसत नव्हती. म्हणजे कंट्रोलरच्या हातात काय होतं? रेडिओवरचे शब्द, बस्स. समोरून विमान येतंय हे त्याने कझाक विमानाला सांगितलंही. तरी ते खाली आलं आणि हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात टक्कर झाली. ३४९ जण गेले. कुणीही वाचलं नाही.

न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत निष्कर्ष निघाला, की कझाक विमान परवानगी नसताना खाली आलं. त्यामागच्या कारणांत पायलटचं अपुरं इंग्रजीही नोंदवलं गेलं. त्या विमानात रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा होता आणि त्याच्यासमोर स्वतःचं उंचीमापक नव्हतं. शिवाय त्यांची सवय फुटांची नव्हे, मीटरची.

मग इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे, ते सुरक्षित का? तसंही नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये क्वालालंपूरला एका अमेरिकन मालवाहू विमानाला २,४०० फुटांपर्यंत खाली यायला सांगितलं. कंट्रोलर म्हणाला, "डिसेंड टू फोर झीरो झीरो." यातला "टू" म्हणजे दोन. पायलटांनी तो "पर्यंत" असा घेतला आणि ४०० फूट समजून खाली आले. विमान डोंगरावर आदळलं, चौघे गेले. त्यांनी "फोर झीरो झीरो" असं उलट सांगितलंही होतं, पण ती चूक पलीकडे कुणी पकडली नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले म्हणतो ना, डेटा पाठवला म्हणजे पोचला असं नसतं, पोच यावी लागते. इथे तर पोच आली होती, ती कुणी तपासली नाही!

जानेवारी १९९० मध्ये न्यूयॉर्कजवळ एका कोलंबियन विमानाचं इंधन संपत आलं होतं. पायलटने "प्रायॉरिटी" मागितली, पण "इमर्जन्सी" हा शब्द उच्चारलाच नाही. विमान कोसळलं आणि ७३ माणसं गेली.

अशा अपघातांनंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे इकाओने, २००३ मध्ये नियम केला आणि मार्च २००८ पासून तो लागू झाला. सहा पातळ्या आहेत, पायलटला किमान चौथी हवी. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद, अशा सहा गोष्टी तपासतात. आणि गंमत बघा, सरासरी काढत नाहीत. सहापैकी जी पातळी सर्वांत कमी, तीच तुमची पातळी. म्हणजे फर्ड्या इंग्रजीत बोललात पण समोरच्याचं कळलं नाही, तर गाडी तिथेच अडकते. चौथी पातळी असेल तर साधारण तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा, सहावी असेल तर पुन्हा नाही.

मराठी माध्यमवाल्यांनो, हे नीट ऐका: चौथ्या पातळीवर मातृभाषेची छाप चालते. अट एवढीच, की तिच्यामुळे समजायला वारंवार अडचण येऊ नये. रेडिओच्या ठरलेल्या भाषेत तर थ्रीला "ट्री" आणि नाइनला "नाइनर" म्हणतात, कारण खरखरीतही ते स्पष्ट ऐकू जातं. तेव्हा "अमेरिकन ॲक्सेंट शिकवतो" म्हणणाऱ्या क्लासला पैसे द्यायची गरज नाही.

मग क्लासमध्ये बघायचं काय? एक, ठरलेल्या वाक्यांसोबत साधं इंग्रजीही बोलून घेतात का? चाक उघडत नाही, प्रवाशाच्या छातीत दुखतंय, पक्षी इंजिनात गेलाय, यासाठी पाठ केलेलं वाक्य पुरत नाही. दोन, अरब, फ्रेंच, चिनी अशा वेगवेगळ्या उच्चारांचं, खरखर असलेलं रेडिओ संभाषण ऐकवतात का? तीन, सूचना उलट म्हणून दाखवण्याचा आणि त्यातली चूक पकडण्याचा सराव आहे का? चार, आरटीआर म्हणजे रेडिओ वापरण्याच्या परवान्याची परीक्षा वेगळी आणि ही वेगळी, हे आधीच स्पष्ट सांगतात का?

आणि शेवटचं. आपल्याकडे वर्गात "सर, कळलं नाही" म्हणायला पोरं लाजतात. कॉकपिटमध्ये ती लाज परवडत नाही, तिथे त्यासाठी "से अगेन" हे दोन शब्द ठरवूनच दिलेत. तेव्हा डेमो लेक्चरला बसाल, तेव्हा सर किती झकास बोलतात ते बघू नका. पोरं किती वेळा थांबवून विचारतात आणि सर न चिडता परत सांगतात का, ते मोजा. जिथे हा आकडा मोठा, तिथे फी भरा.

तुमच्या ओळखीत कुणी पायलट व्हायचं म्हणत असेल, तर हा एपिसोड त्याला किंवा तिला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!