कौली मांजर व वारूळ

मुखेडच्या आसपासच्या माळरानावरून जो कोणी पायीं फिरला असेल, त्यास वारुळें नवीं नाहींत. बालाघाटच्या डोंगरांचे उतरत आलेले फांटे, मधून वाहणारी लेंडी, आणि पडीक बांधांवर किंवा बाभळीच्या बुडाशीं उभे राहिलेले मातीचे मनोरे, असा हा मुलूख आहे. नागपंचमीस आमच्या स्त्रिया वारुळाची पूजा करून लाह्या व दूध वाहतात. कारण वारूळ म्हणजे नागाचें घर अशी आमची जुनी समजूत. वस्तुतः तें घर उधईनें बांधलेलें असतें. नाग हा तेथील भाडेकरी, आणि तोही भाडें न देणारा! परंतु रात्रीं त्या घराची भिंत फोडून आंतील कुटुंबावर जिभेनें छापा घालणारा एक प्राणी आहे. त्याची पूजा कोणी करीत नाहीं. त्यास खवले मांजर म्हणतात. त्याच्या आहाराविषयीं आपल्या देशांत काय लिहिलें गेलें, त्यांतील खरें किती, आणि तें आज आपणांस कां आठवावें, एवढेंच आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

आरंभीं नांवाविषयीं. संस्कृतांत यास वज्रकीट म्हटलें आहे. गंडकींतील शाळिग्राम हाच कीट कोरतो अशी आख्यायिका आहे. अंगावरील शिंगासारख्या कठीण खवल्यांमुळें तिला आधार मिळाला असावा. ग्रीक भाषेंत लिहिणारा रोमन ग्रंथकार ईलियन यानें हिंदुस्थानांतील ‘फट्टागीस’ नांवाच्या प्राण्याचें वर्णन केलें आहे. तो लहान कुत्र्याएवढा असून त्याची खवलेदार कातडी कानशीप्रमाणें वापरीत व तिनें लोखंडही कापलें जाई, असें तो सांगतो. तो हाच प्राणी असावा असें विद्वान मानतात. एकंदरींत दोन्हीं देशांतील जुन्या मंडळींची दृष्टि त्याच्या चिलखतावर खिळून राहिली. तो खातो काय, हें पाहण्याच्या खटपटींत ती पडली नाहीं.

ती खटपट एकोणिसाव्या शतकांत झाली. मुंबई सरकारच्या नोकरींतील कर्नल साईक्स यानें दख्खनेंतील सस्तन प्राण्यांची यादी १८३१ सालीं लंडनच्या प्राणिशास्त्रीय मंडळापुढें ठेविली. तींत या प्राण्याचें मराठी नांव ‘कौली मांजर’, म्हणजे कौलें घातलेलें मांजर, असें दिलें असून हा प्राणी दख्खनेंत पुष्कळ आहे व तो पांढऱ्या मुंग्यांवर जगतो, एवढीच नोंद केली आहे. पुढें १८३९ सालीं वॉल्टर इलियट यानें दक्षिण मराठा मुलुखांतील प्राण्यांची यादी मद्रासेच्या नियतकालिकांत छापली. तींतही हेंच नांव आहे. माशाच्या खवल्यांवरून खवले मांजर म्हणा, कीं घरावरच्या कौलांवरून कौली मांजर म्हणा. एकावर एक बसविलेल्या त्या खापऱ्या पाहतां दुसरें नांव अधिक बोलकें आहे असें आम्हांस वाटतें.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवावी. साईक्सची दख्खन म्हणजे इंग्रजांच्या ताब्यांतील दख्खन. इलियटचा मुलूख म्हणजे धारवाडाकडचा. मुखेड १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतें. त्यामुळें या दोन्हीं याद्यांच्या कक्षेबाहेर तें पडलें. राज्यांच्या सीमा कागदावर असतात. उधईला व तिच्या भक्षकाला त्या ठाऊक नसतात. पण जी जागा यादींत आली नाहीं, तेथें पूर्वीं काय होतें याचा पुरावाही मागें उरत नाहीं, ही हानि लहान नव्हे.

इलियटनें एक मादी कांहीं काळ जिवंत बाळगली होती. ती दिवसा झोपे व रात्रभर अस्वस्थ असे. तिच्या पेटींत उधई टाकली, मोठ्या मुंग्या टाकल्या. तिनें त्यांस तोंड लाविलें नाहीं, जरी आरंभींच्या तिच्या विष्ठेंत मुंग्याच मुंग्या होत्या. पाणी मात्र ती जीभ इतक्या झपाट्यानें आंत-बाहेर करून पिई कीं, पाण्यास फेंस येई. दुसऱ्या एका प्राण्याचें पोट फाडून पाहतां त्यांत चमचाभर बारीक खडे निघाले. हे खडे उगीच नव्हते. या प्राण्यास दांत मुळींच नाहींत. गिळलेल्या मुंग्या पोटाच्या कठीण अस्तरांत, याच खड्यांच्या साह्यानें, रगडल्या जातात. कोंबडीचें जातें पोटांत असतें, तसेंच याचेंही.

बाकीची रचनाही या एकाच कामासाठीं झालेली आहे. पुढच्या पायांचीं लांब वांकडीं नखें वारुळाची वाळलेली माती कुदळीसारखीं फोडतात. दृष्टि अधू, पण घ्राणेंद्रिय तीक्ष्ण. जीभ लांब, बारीक व चिकट लाळेनें माखलेली. तिचें मूळ घशांत नसून छातीच्या पिंजऱ्याच्या तळाशीं असतें. चिडलेल्या मुंग्या चढूं लागल्या कीं नाकपुड्या व कान मिटून घेतां येतात.

भक्ष्य मात्र एकाच जातीचें नाहीं. लोक उधईस पांढरी मुंगी म्हणतात. पण ती मुंगीच्या गोताची नव्हे, झुरळाच्या गोताची आहे. आपल्याकडील वारुळें बांधणारी उधई आपल्या घरांत बुरशीची बाग लावते आणि कुजलें लांकूड-पाचोळा त्या बुरशीकडून पचवून घेते. पावसाळ्यांत वारुळावर उगवणारी अळंबी ही त्याच बागेचीं फळें होत. पोठोहारच्या पठारावर, म्हणजे आजच्या पाकिस्तानांत, या प्राण्याच्या विष्ठेची जी तपासणी झाली तींत अशा उधईबरोबर मोठ्या काळ्या मुंगळ्यांचे अवशेषही मुबलक आढळले. तेव्हां साईक्सची नोंद खरी, पण अर्धी होय. मुंग्यांकडे त्याचें लक्ष नव्हतें असें मात्र नाहीं. पुण्याजवळच्या मुंग्या पावसानें भिजलेलें गवताचें बीं बिळांतून वर आणून उन्हांत वाळत घालतात, हें त्यानेंच प्रथम पाहून लिहिलें.

आपल्या पूर्वजांनींही वारुळाचें निरीक्षण केलें होतें, पण निराळ्या गरजेनें. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेच्या दकार्गल नामक अध्यायांत, कोणत्या झाडाच्या कोणत्या दिशेस वारूळ असतां किती पुरुष खोलीवर पाणी लागेल, हें सांगितलें आहे. सर्वच आडाखे खरे ठरतील असें नाहीं. तथापि उधईस ओलावा लागतो व त्यासाठीं ती खोल उतरते, हें निरीक्षण खोटें नव्हे. पाण्यासाठीं तळमळणाऱ्या मुखेडच्या शेतकऱ्यास त्यांतील मर्म निराळें सांगावयास नको.

आतां विद्वानांची एक गंमत पाहा. लिनीअसनें १७५८ सालीं या वर्गास मॅनिस, म्हणजे मृतांचे पिशाच्च, असें नांव दिलें. कूव्हियेनें दांत नाहींत एवढ्यावरून त्यास दक्षिण अमेरिकेंतील मुंगीखाऊंच्या पंक्तीस बसविलें. परंतु आतां अनुवंशद्रव्याच्या परीक्षेवरून असें ठरलें आहे कीं, त्याचें जवळचें नातें मुंगीखाऊंशीं नसून मांजर-कुत्र्यांच्या मांसाहारी गणाशीं आहे. आहार एक म्हणून जीभ व नखें सारखीं झालीं. रक्त एक नव्हे. ज्या अडाणी शिकाऱ्यांनीं यास मांजर म्हटलें, त्यांचें नांव योगायोगानें कां होईना, पॅरिसच्या पंडितापेक्षां सत्याच्या अधिक जवळ गेलें!

ही सर्व हकीकत केवळ मौजेची असती तर आम्हीं लेखणी उचलली नसती. संकट येतांच हा प्राणी शेपटींत तोंड लपवून चेंडूसारखा गोळा होतो. वाघासही तो गोळा उकलणें जड जातें. मनुष्य मात्र तो उचलून पोत्यांत घालतो. खवल्यांत औषधी गुण आहे या समजुतीपायीं त्याची चोरटी हत्या चालते; वस्तुतः खवला म्हणजे आपल्या नखाचेंच द्रव्य होय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्याच्या शिकारीस बंदी आहे, आणि २०१६ सालीं जोहान्सबर्ग येथील परिषदेंत त्याच्या सर्व जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करण्याचें ठरलें. कोंकणांत चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनें गांवोगांवीं त्याच्या रक्षणाचें काम हातीं घेतलें आहे. परंतु मादीस बहुधा एका वेळीं एकच पिल्लूं होतें. त्यामुळें एकदां उणें झालेलें भरून येण्यास फार काळ लागतो.

साईक्सनें १८३१ सालीं ‘पुष्कळ’ म्हटलें. तो शब्द आज दख्खनेंत कोणीही सहज लिहूं शकणार नाहीं. मुखेडकडच्या वाचकांस आमची एवढीच विनंती कीं, येत्या नागपंचमीस वारुळास दूध वाहतांना त्याच्या कुशीस नखांनीं पाडलेलें ताजें भगदाड दिसलें, तर तें बुजवूं नये व त्याची वार्ता शिकाऱ्याच्या कानीं जाऊं देऊं नये. तारीख व गांव मात्र वहींत टिपून ठेवावें. जी यादी साईक्सच्या हातून राहिली, ती निदान आपल्या हातून, आणि तो प्राणी आहे तोंवर, लिहिली जावी.