थ्री-नॉट-थ्रीच्या अंगावरील अक्षरे

दादरच्या शिवाजी पार्कवर प्रजासत्ताकदिनाची संचलने पाहत वाढलेल्यांना थ्री-नॉट-थ्री अनोळखी नाही, एन.सी.सी. केलेल्यांच्या तर खांद्यालाच तिचे वजन ठाऊक असते. तिच्यावर ठोकलेली अक्षरे मात्र फारसे कोणी वाचत नाही. ती वाचावीत असे आम्हांस वाटते, कारण राज्यकर्त्यांनी कोणावर किती विश्वास टाकला याची नोंद त्या पोलादावर उरली आहे.

बोल्टच्या मुठीखाली, दस्ता जेथे पोलादी सांगाड्यात बसतो तेथे, मुकुट असतो, त्याखाली 'जी.आर.आय.', मग 'इशापूर' आणि वर्ष. इंग्लंडमध्ये एनफील्डच्या कारखान्यात घडलेल्या याच बंदुकीवर नुसते 'जी.आर.' असते. हुगळीकाठच्या इशापुरात 'इंपेरातोर', म्हणजे सम्राट, ही पदवी वाढते. जॉर्ज आपल्या घरी राजा होता. सम्राट होता तो आमचा. प्रजासत्ताकानंतर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले.

कधी बांधा थ्री-नॉट-थ्रीचा, पण आकडा '.410' असा आढळतो. ही बंदूक मुळात पोलीस आणि तुरुंगरक्षक यांच्यासाठी. इशापुरात जुन्या रायफलीच्या नळीतील पीळ काढून ती आतून गुळगुळीत केली जाई आणि मॅगझीनमध्ये लाकडी ठोकळा बसवून एका वेळी एकच काडतूस भरता येईल अशी सोय (की गैरसोय?) केली जाई. काडतूसही वेगळे: .303 च्याच पुंगळीचे, पण मान न आवळता सरळ ठेवलेले. त्यामुळे बंदूक पळवली गेली, तरी लष्कराची काडतुसे तीत निरुपयोगी. शिपायाला बंदूक द्यायची, पण ती आपल्यावर उलटली तर लांब मारा करू नये! ही युक्ती नवी नव्हती. 1857 नंतर देशी पलटणींसाठी एनफील्डच्या मुद्दाम गुळगुळीत नळीच्या आवृत्त्या काढल्या होत्या, आणि पुढेही गोऱ्या सैनिकाच्या एक पिढी मागचे शस्त्र देशी शिपायाला देण्याचा रिवाज राहिला.

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-47 समोर आपल्या पोलिसांपैकी काहींच्या हाती थ्री-नॉट-थ्रीच होती. मागे राहण्याचे कारण तेव्हा अविश्वास नव्हे, अनास्था. गोळी झेलणाऱ्याला हा फरक काय उपयोगाचा?

'डी.पी.' ही अक्षरे त्या मानाने निरुपद्रवी. ड्रिल पर्पज, म्हणजे केवळ कवायतीसाठी. अशा बंदुकीतून गोळी झाडणे धोक्याचे.

परदेशी हौशी संग्राहक लष्कराने मोडीत काढलेल्या इशापुरी बंदुका विकत घेऊन हे सारे घरबसल्या वाचतात. आपल्याकडे .303 हा सामान्य नागरिकाला निषिद्ध व्यास आहे, ब्रिटिश अमदानीपासून. परवानाधारकाला मिळते ती .315 ची रायफल: त्याच इशापूरची, बोल्टची घडणही तीच. सरकारी काडतूस तेवढे तीत चालत नाही.