पाणी माणशी की एकरी?

परवा गावाकडून पुतण्याचा फोन आला. "काका, खालचा दीड एकर देऊन टाकू का? त्यात काही येत नाही. प्लॉट पाडणारे विचारतायत." मी म्हटलं, थांब दोन दिवस, विचार करून सांगतो. विचार करायला बसलो तर जमिनीऐवजी इतिहासच डोक्यात यायला लागला. आयुष्यभर पोरांना इतिहास शिकवला त्याचा हा परिणाम, दुसरं काय! तेव्हा पुतण्याला द्यायचं उत्तर इथेच लिहितो. घरची मंडळी वाचतातच, त्यांनी रागावू नये.

आमचं गाव बारामती तालुक्यात, नीरेच्या डाव्या कालव्यावर. आईचं माहेर पुरंदरच्या पूर्व भागात. एस.टी.नं दोन-अडीच तासांचं अंतर, पण लहानपणी मला ते दोन वेगळे मुलुख वाटायचे. आमच्याकडे पाट, ऊस, गुऱ्हाळाचा वास. आजोळी माळ, हुलगे, बाजरी आणि मैलभरावरून पाणी आणणाऱ्या माम्या.

हा कालवा 1885 साली सुरू झाला. 1876 ते 78 च्या भयंकर दुष्काळानंतर सरकारला जाग आली होती. पाऊस चुकला तर ज्वारी-बाजरी वाचावी, हा हेतू. भाटघरचं धरण त्यासाठीच बांधलं. पण शेतकरी शहाणा. पाऊस बरा झाला त्या वर्षी पाणी विकत कशाला घ्यायचं? कालवा भरलेला आणि पाणीपट्टी गोळा होईना! मग बारमाही पाणी घेणाऱ्या पिकाकडे नजर गेली. म्हणजे ऊस. दुष्काळासाठी काढलेला कालवा असा उसाचा झाला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या पाटबंधारे खात्यात होते. त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. एकाच गावानं सगळं पाणी उसात ओतू नये, ते जास्त गावांत फिरावं, ब्लॉकच्या ठरावीक भागातच ऊस असावा आणि बाकीच्यात दुसरी पिकं, अशी योजना. मी वर्षानुवर्षं विश्वेश्वरय्या शिकवले ते म्हैसूरचे दिवाण म्हणून. समोर बसलेली पोरं कालव्याकाठची, आणि हा माणूस त्यांच्याच पाटाचा विचार करून गेला, हे एकदाही सांगितलं नाही. पुस्तकात नव्हतं ना!

आणखी एक गंमत. सासवडचे माळी शेतकरी कालव्यांच्या मुलखात गेले, खंडानं जमिनी घेऊन ऊस केला, आणि 1930 च्या दशकात सोलापूर जिल्ह्यात माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना काढला. कर्तबगार माणसं. पण सासवड हे पुरंदरचं तालुक्याचं गाव. माणसं पाण्यामागे गेली, पाणी त्यांच्या गावी आलं नाही.

आता आमचा दीड एकर. काळी, खोल जमीन. सारखं पाणी दिलं की ते खाली मुरतं, निचरा नसेल तर तळातलं पाणी वर वर येतं, उन्हानं उडून जातं आणि क्षार वर राहतात. जमीन चोपण होते. पुण्याच्या शेतकी कॉलेजातले हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर 1910 मध्ये पुस्तिका लिहिली होती. कालवा सुरू होऊन फक्त 25 वर्षं झाली होती! आमच्या रानात मीठ फुटलं ते 1980 च्या पुढे. वडिलांनी त्यावर काय उपाय केला? ते धुऊन जावं म्हणून आणखी पाणी दिलं.

1972 साली मी वीस वर्षांचा, पुण्यात बी.ए. करत होतो. त्या दिवाळीत मामा घरी आले. दुष्काळी कामावर खडी फोडून हाताला घट्टे पडलेले. आमच्याकडेही पाळ्या चुकत होत्या, पण ऊस उभा होता. जेवताना मामा म्हणाले, "दाजी, तुमच्या एका एकराच्या पाण्यात आमच्या किती घरांची ज्वारी निघंल?" वडील म्हणाले, "पाणी काय आमचं आहे? सरकार देतं, आम्ही घेतो." आई उठून आत गेली.

याच दुष्काळात पुण्याचे एक कारखानदार-इंजिनिअर, विलासराव साळुंखे, पुरंदरात हिंडत होते. त्यांनी आणि कल्पनाताईंनी नायगावच्या देवस्थानचा सुमारे 40 एकर माळ खंडानं घेतला, बांध घातले, पाणी अडवलं, आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. नियम ऐकून लोक चक्रावले. पाणी जमिनीच्या एकरावर नाही, घरातल्या माणसांवर. माणशी अर्धा एकर, घराला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. योजनेच्या खर्चाचा 20 टक्के भाग लोकांनी स्वतः घालायचा. आणि ऊस लावायचा नाही!

पुढे आजोळच्या गावातही अशी उपसा योजना झाली. माझी आजी तेव्हा सत्तरीची. ती सगळ्यांना सांगायची, "सात-बाऱ्यावर माझं नाव न्हाई, पर पाण्यात माझा अर्धा एकर हाय." पाण्याच्या हक्काची इतकी सोपी व्याख्या मी कुठल्याही ग्रंथात वाचलेली नाही. आमच्या घरी मात्र हसले. अडीच एकरात काय होणार, आणि ऊस नाही म्हणजे पैसा नाही.

हे म्हणणं अगदी खोटं होतं असंही नाही. 1950 साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी सहकारी कारखाना उभा केला, त्यानंतर साखरेच्या पैशातून शाळा, कॉलेजं, दवाखाने उभे राहिले. माझी बी.ए.ची फी उसाच्या बिलातूनच भरली गेली. ते खाल्लेलं मीठ, म्हणजे साखर, नाकारता येत नाही.

पण दर वर्षी दिवाळीनंतर बीडकडच्या टोळ्या यायच्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यांची पोरं शाळेबाहेरच्या पाचटात खेळत असायची. चार दिवस वर्गात बसवली की मुकादम टोळी दुसऱ्या फडात न्यायचा. गावात पाणी नाही म्हणून निघालेली माणसं, पाणी पिणारं पीक तोडायला आमच्याकडे. राज्यातल्या पिकाखालच्या जमिनीपैकी जेमतेम 4 टक्के ऊस, आणि सिंचनाचं सुमारे 70 टक्के पाणी त्याला, असं केंद्राचा कृषी मूल्य आयोगच सांगून गेला आहे. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. त्या लातूर जिल्ह्यातही ऊस आणि कारखाने आहेतच.

आजोळची योजना टिकली नाही. विजेचं बिल थकलं, पंप जळला, तरुण पोरं पुण्याला गेली, जमिनीचे भाव चढले. साळुंखे 2002 मध्ये गेले. नंतर पुरंदर उपसा योजनेनं मुळा-मुठेचं पाणी वर आणलं, म्हणजे पुण्यानं वापरून सोडलेलं पाणी. मामांचा मुलगा म्हणतो, "वास येतो, पण पीक येतं."

आता माझं. 1996 साली माझ्या प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून आम्ही बोअर घेतली. कालव्याच्या दोन पाळ्यांमध्ये उसाला ताण बसू नये म्हणून. दोन उन्हाळ्यांत शेजारच्या बाईंची विहीर आटली. त्यांनी भाजीपाला सोडून बाजरी धरली. मला कधी काही बोलल्या नाहीत, रस्त्यात भेटल्या की "मास्तर, बरं हाय का?" एवढंच. मी मात्र त्या वर्षी वर्गात "कालव्याचे फायदे लिहा" हा प्रश्न पाच गुणांना घातला होता. तोट्यांचा प्रश्नच नव्हता.

असो. पुतण्या, दीड एकर विकू नकोस. निचऱ्यासाठी चर खोदून घे, माती तपासून जिप्सम टाक, धैंचा करून गाड. दोन-तीन वर्षं लागतील. खर्चातला अर्धा वाटा मी माझ्या पेन्शनमधून देईन. वरच्या रानातला ऊस मोड, असं मी पुण्यात बसून सांगणार नाही. पण बोअरचा विषय काढायचा आहे. निदान उन्हाळ्याचे तीन महिने ती बंद ठेवता येईल का, ते दादाशी बोलून बघ. वहिनींना आवडणार नाही, हे मला माहीत आहे. मी रविवारी गावी येतोय, तेव्हा बसून बोलू. शेजारच्या बाईंकडेही जाऊन येईन म्हणतो.