एलिमेंटरीचं कमळ

माझ्या भाचीची मुलगी यंदा सातवीत आहे. परवा तिने फोनवर विचारलं, "आजी, संकल्पचित्रात मी अगदी खरं दिसणारं कमळ काढलं, तर सर म्हणाले असं नाही चालत, अलंकारिक काढ. खरं काढता येत असताना खोटं कशाला काढायचं?"

मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला, चित्रकला माझा विषय नव्हे. पण हा प्रश्न इतिहासाचाच आहे, आणि फोनवर दोन वाक्यांत उत्तर देण्याजोगा नाही. म्हणून इथे लिहायला बसले. (भाचीबाई, तिला वाचून दाखवा. लांबलं आहे, दोन बैठकींत दाखवलंत तरी चालेल.)

ज्यांनी महाराष्ट्रात शाळा केली त्यांना एलिमेंटरी म्हणजे काय ते सांगायला नको. परदेशात वाढलेल्या आमच्या पोरांसाठी थोडक्यात सांगते. सातवी-आठवीतल्या मुलांसाठी चित्रकलेची सरकारी ग्रेड परीक्षा, तिचं नाव एलिमेंटरी. तिच्या पुढची इंटरमिजिएट. चार पेपर. एक वस्तुचित्र, म्हणजे समोर मांडलेला माठ, तांब्या, ठोकळा बघून काढायचा. दुसरं स्मरणचित्र, म्हणजे भाजी मंडई नाहीतर बसथांबा आठवून काढायचा, आणि त्यात माणसं हवीतच. तिसरं संकल्पचित्र. चौथा कर्तव्य भूमिती आणि अक्षरलेखनाचा. संकल्पचित्रात एखादा चौकोन नाहीतर वर्तुळ देतात आणि त्यात फुलापानांची, पक्ष्यांची नक्षी बसवायला सांगतात. भाचीची लेक अडली ती इथे.

मी एलिमेंटरीला बसले १९६३ साली, सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलातून. परीक्षेचं केंद्र तालुक्याला. आदल्या रात्री आईने पाट्यावर वाटण वाटता वाटता विचारलं, "उद्या काय काढायचंय?" मी ऐटीत सांगितलं, "वर्तुळाचे आठ भाग करायचे, एका भागात नक्षी काढायची आणि तीच आठ वेळा उतरवायची." आई म्हणाली, "म्हणजे रांगोळीच की!" मला राग आला. रांगोळी दारात काढतात, ही सरकारी परीक्षा होती! शाळेत ड्रॉइंगचे मास्तर फळ्यावर मोठा लाकडी कंपास फिरवून वर्तुळ काढत. आईने जन्मात कंपास हातात धरला नव्हता. पण चैत्रात गौर बसली की ती अंगणात चैत्रांगण काढी, त्यात शंख, चक्र, गदा, कमळ, कासव, तुळशीवृंदावन सगळं चिमटीतून उतरे, आणि एकही कमळ बागेतल्या कमळासारखं नसे. चातुर्मासातली तिची गोपद्मंही तशीच. गाईचं खरं पाऊल कोण काढतं?

आता इतिहासाकडे येते.

१८५१ साली लंडनला हाइड पार्कमध्ये काचेचा एक प्रचंड मंडप उभा करून जगभरच्या मालाचं प्रदर्शन भरवलं होतं. इंग्रजांना आपल्या यंत्रांचा अभिमान होता, आणि तो रास्तही होता. पण यंत्रावर निघालेल्या त्यांच्या गालिच्यांवर, पडद्यांवर नक्षी कशी, तर हुबेहूब गुलाबांचे गुच्छ, सावल्यांसकट. गालिच्यावर पाय ठेवावा तर फूल चिरडल्यासारखं वाटावं! तिथेच ईस्ट इंडिया कंपनीने मांडलेला हिंदुस्थानी माल होता. शाली, किनखाब, मलमल, कोफ्तगिरीची कामं. त्यावरची फुलं सपाट होती, सावली नाही, उठाव नाही, पण नक्षी कापडात मुरलेली. हेन्री कोल, ओवेन जोन्स ही त्या प्रदर्शनातली जाणती मंडळी हे बघून थक्क झाली. प्रदर्शन संपल्यावर सरकारी पैशातून तिथल्या वस्तू विकत घेतल्या गेल्या, त्यांत हिंदुस्थानी वस्तू पुष्कळ होत्या. त्या संग्रहातूनच पुढे साउथ केन्सिंग्टनचं संग्रहालय वाढलं, १८९९पासून ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्हणून ओळखलं जातं.

ओवेन जोन्सने १८५६ साली अलंकरणाचं व्याकरण सांगणारा मोठा ग्रंथ काढला. शंभर रंगीत पाटे आणि सुरुवातीला सदतीस सूत्रं. त्यातली दोन सूत्रं माझ्या शब्दांत सांगते. एक, सगळ्या नक्षीचा पाया भूमितीचा असावा. दुसरं, नक्षीत फूल जसंच्या तसं घेऊ नये, त्याचं सार घेऊन रूढ आकार करावा. भाचीच्या लेकीचे सर जे म्हणाले ते हेच. सरांना कदाचित जोन्सचं नावही ठाऊक नसेल. ते त्यांच्या सरांनी सांगितलेलं सांगत होते, आणि त्यांच्या सरांनी त्यांच्या.

हे सगळ्यांना पटलं होतं असं नाही बरं का. चार्ल्स डिकन्सने १८५४च्या आपल्या 'हार्ड टाइम्स' कादंबरीत या मंडळींची खिल्ली उडवली आहे. वर्गात सरकारी साहेब येतो आणि मुलांना विचारतो की फुलांची चित्रं असलेला गालिचा तुम्ही घालाल का. एक पोर बिचारी म्हणते, हो, मला फुलं आवडतात. मग तिची अशी काही हजेरी घेतात की विचारू नका. म्हणजे आमच्या पोरीचा प्रश्न दीडशे वर्षांहून जुना आहे. तिने वाईट वाटून घेऊ नये.

कोलसाहेबाच्या खात्याने इंग्लंडभर चित्रकला शिकवायची एक ठरीव पद्धत बसवली. आधी सपाट नमुन्यावरून नुसत्या बाह्यरेषा, मग छटा, मग घन-शंकू-गोल, मग प्लॅस्टरचे पुतळे, आणि सगळ्यात शेवटी जिवंत माणूस. नक्षीकामाची वेगळी पायरी. पायरीपायरीला परीक्षा. हीच पद्धत मुंबईला आली.

मुंबईत सर जमशेटजी जीजीभॉयांनी १८५३ साली कलाशाळेसाठी एक लाख रुपये देऊ केले. त्या काळचे लाख रुपये! १८५७च्या मार्चमध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये वर्ग सुरू झाले, तेच आपलं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. इथल्या कारागिरांना चित्रकला शिकवून त्यांचा धंदा सुधारावा, असा हेतू होता. १८६५ साली तिथे लॉकवूड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स शिकवायला आले. (किपलिंगचा मुलगा रुडयार्ड त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिथल्याच आवारात जन्मला.) गंमत बघा. हिंदुस्थानी कापड बघून शहाणे झालेले लोक हिंदुस्थानी कारागिरांच्या पोरांना नक्षी शिकवायला जहाजाने आले!

मला नुसती थट्टा करायची नाही. हे दोघे डोळे उघडे ठेवणारे होते. किपलिंग इथल्या कारागिरांची कामं करतानाची चित्रं काढत हिंडला. ग्रिफिथ्स १८७२पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात राहिला, भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करवून घेतल्या, ते काम १८८५पर्यंत चाललं. त्यातल्या बऱ्याच नकला पुढे लंडनमध्ये आगीत गेल्या, हे वाचून मी एकदा खरंच हळहळले होते. बोरीबंदरला, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलात तर घाईत असलात तरी क्षणभर वर बघा. दगडातली ती पानं, पक्षी, प्राणी, त्यांत जे. जे.च्या मुलांचा हात आहे.

आणि ही पद्धत कितीही परकी असली तरी तिने एक मोठी गोष्ट केली. चित्रकलेला जातीच्या आणि घराण्याच्या बाहेर काढलं. सुताराचं, सोनाराचं, चिताऱ्याचं काम ज्याच्या त्याच्या घरात शिकवलं जाई. परीक्षेला मात्र कुणाचंही पोर बसू शकत होतं. माझ्या वर्गात एका शेतमजुराचा मुलगा होता. एलिमेंटरी झाला, इंटरमिजिएट झाला, मग ड्रॉइंग टीचरचा कोर्स करून नोकरीला लागला, धाकट्या दोघा भावांची शिक्षणं त्याने केली. त्याच्या घरात रंगाची डबी कोण आणणार होतं? मास्तरांनी आपल्या पगारातून आणली. कोल्हापूरहून १८९० साली जे. जे.त दाखल झालेले महादेव विश्वनाथ धुरंधर पुढे तिथेच शिक्षक आणि प्रमुख झाले. त्यांच्या आत्मचरित्राचं नावच 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' आहे. धुरंधरांच्या लक्ष्मी-सरस्वती कॅलेंडरांतून घरोघरी गेल्या, पण त्यांच्यामागे जिल्ह्याजिल्ह्यांतून ही शिडी चढलेल्या कितीतरी ड्रॉइंग मास्तरांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत. १९६५ साली महाराष्ट्राचं कला संचालनालय झालं आणि या ग्रेड परीक्षा त्याच्याकडे आल्या.

मला खटकतं ते निराळंच. नक्षीचं शास्त्र आपल्या दारातून जाऊन परत आलं, पण परत आल्यावर त्याने दाराकडे बघितलं नाही. शाळेतल्या कुठल्याच मास्तरांनी आम्हा मुलींना कधी विचारलं नाही की तुमच्या घरी कोण काय काढतं. ठिपक्यांची रांगोळी म्हणजे जाळी घालून केलेली पुनरावृत्ती, सममिती, सगळं काही. आईला हे शब्द येत नव्हते आणि मास्तरांना आई चित्रकार वाटत नव्हती.

आपल्याच मुलखात दुसरा एक विचार झाला होता. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याला नई तालीम मांडली, हातातल्या कामातून शिक्षण. सेवाग्रामला शांतिनिकेतनचे देवीप्रसाद १९४४पासून मुलांना चित्रकला शिकवत. त्यांचं म्हणणं, मूल चित्र काढतं तो त्याच्या वाढीचा भाग आहे, त्याला कित्ता देऊ नका. हर्बर्ट रीडचं कलेतून शिक्षणाचं पुस्तकही याच सुमाराचं, १९४३चं. पण हा विचार आमच्या शाळेच्या फाटकाशीच थबकला. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभव सुचवला, आणि आमच्या शाळांत त्याचं काय झालं ते मी पंचवीस-तीस वर्षं डोळ्यांनी बघितलं. पिस्त्याच्या सालांची फुलं, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, थर्माकोलचा ताजमहाल. अर्ध्याहून अधिक वस्तू पालकांनी रात्री जागून केलेल्या. थर्माकोलवर २०१८ साली राज्यात बंदी आली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार ताजमहालाचा आला!

आणि मग वारली. आता कुठल्याही सहावीच्या वर्गात जा, मातीच्या पणतीवर, फाइलच्या पुठ्ठ्यावर, कापडी पिशवीवर त्रिकोणी माणसं नाचताना दिसतात. चांगली गोष्ट आहे. पण पोरांना सांगतं कोण की हे चित्र मुळात लग्नाचं? घरातल्या भिंतीवर गेरू-शेणाच्या सारवणावर तांदळाच्या पिठाने सवासिनी चौक काढत, मधोमध देवी पालघाट, आणि त्या चौकाशिवाय लग्न होत नसे. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णींसारख्या माणसाने ही कला बाहेरच्यांच्या नजरेला आणली. जिव्या सोमा मशे या पुरुषाने ती कागदावर आणि कापडावर नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. मशे मोठेच. पण भिंतीवर काढणाऱ्या त्या बायकांची नावं कुठे आहेत? माझ्या आईचं जे झालं तेच त्यांचं.

आता भाचीच्या लेकीचा दुसरा प्रश्न, तो तिने विचारला नाही पण तिच्या आईने विचारला. ही परीक्षा द्यावी की नाही? २०१७ साली सरकारने ग्रेड परीक्षेच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण द्यायचं ठरवलं. अ श्रेणीला ७, ब श्रेणीला ५, क श्रेणीला ३. त्यानंतर चित्रकलेच्या वर्गांना उधाण आलं. ज्यांना रेघ ओढायची हौस नाही तीही पोरं सात गुणांसाठी माठ-तांब्या पाठ करू लागली. स्मरणचित्रही पाठ, मंडईतली तीच भाजीवाली, तोच छत्रीवाला. त्याच वेळी शिक्षण हक्काच्या २००९च्या कायद्यात सहावी ते आठवीसाठी कलेचा शिक्षक कसा सांगितलाय, तर शंभरावर मुलं असलेल्या शाळेत अंशकालीन. पूर्णवेळ ड्रॉइंग मास्तर ज्या शाळेत आहे तिथे पोरांनी त्याला धरून ठेवावं.

तर भाचीबाई, परीक्षेला बसवा. गुणांसाठी नव्हे, कंपास नीट धरायला शिकते म्हणून. आणि बाळ, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. अलंकारिक कमळ खोटं नसतं. ते वस्त्रावर, भांड्यावर, उंबऱ्यावर राहायला आलेलं कमळ असतं, तळ्यातलं नव्हे. तुझ्या पणजीला ते येत होतं. दिवाळीत ये, तिची चैत्रांगणाची वही माझ्याकडे आहे. शेवटच्या वर्षी हात थरथरायला लागल्यावर तिने ती पेन्सिलीने उतरवून ठेवली, चौकटीच्या कागदावर.

तुमच्यापैकी कुणाकडे १९६०-७०च्या काळातले एलिमेंटरीचे पेपर नाहीतर आई-आजीच्या रांगोळीच्या वह्या असतील तर जपून ठेवा, रद्दीत घालू नका. शक्य असेल तर फोटो काढून मला पाठवा. मला ते शेजारीशेजारी ठेवून बघायचे आहेत.