३ सप्टेंबर १९२३ : शाहीर साबळे यांचा जन्म

वाईहून पाचगणीला जाताना घाटाच्या पायथ्याशी लागणारे पसरणी (जि. सातारा) हे शाहीर कृष्णराव साबळे यांचे जन्मगाव. अमळनेरला त्यांना साने गुरुजींचा सहवास लाभला. पण त्यांचा आवाज घरोघर पोहोचला तो महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्या सुमारास, १९६० साली गायलेल्या ‘जय जय महाराष्ट्र माझा’ या गीताने. शब्द राजा बढे यांचे, संगीत श्रीनिवास खळे यांचे. उघड्या मैदानात डफ-तुणतुण्याच्या वर चढणारा शाहिरी गळा ध्वनिमुद्रिकेतही तसाच खणखणीत राहिला. नुसत्या गोड आवाजाला हे गीत पेललेच नसते. पुढे ‘महाराष्ट्राची लोकधारा’ या कार्यक्रमातून त्यांनी लोककला रंगमंचावर आणल्या. १९९८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २० मार्च २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दी वर्षात, १९ फेब्रुवारी २०२३ पासून, याच गीताची दोन कडवी महाराष्ट्राचे राज्यगीत झाली.