चारही चाकांना ड्राइव्ह असलेल्या युरोपीय वॅगनचा इतिहास आणि जुन्या गाडीची पारख

चारही चाकांना ड्राइव्ह असलेली स्टेशन वॅगन ही युरोपात डोंगरातल्या आणि बर्फाळ प्रदेशातल्या माणसाची गाडी म्हणून रुजली. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, बव्हेरिया आणि स्कँडिनेव्हियातले शेतकरी, पशुवैद्य, घोड्यांचे ट्रेलर ओढणारे आणि हिवाळ्यात स्कीइंगला जाणारी कुटुंबे हे तिचे मूळ गिऱ्हाईक. दिसायला ती साधी, लांब डिकीची मोटार असते. जीपची उंची आणि जीपचा खडखडाट तिच्यात नसतो. १९८० नंतरच्या साडेतीन दशकांत तिच्या पोटातली यंत्रणा अनेकदा मुळापासून बदलली, पण डिकीवरची नावाची पट्टी बहुधा तीच राहिली. म्हणून जुनी वॅगन घेताना काय तपासायचे, हे कंपनीच्या नावावरून फारसे कळत नाही. गाडी कोणत्या काळातली आणि कोणत्या जातीच्या यंत्रणेची, हे आधी ठरवावे लागते.

मोटारीच्या चारही चाकांना कायम ताकद देण्याची कल्पना ब्रिटनमध्ये आधी प्रत्यक्षात आली. १९६६ च्या जेन्सन एफएफ या महागड्या गाडीत फर्ग्युसन कंपनीची यंत्रणा होती; अशा ३२० गाड्या बनल्या आणि प्रकरण तिथेच थांबले. वॅगनच्या बाबतीत पहिले पाऊल जपानचे. सुबारूने १९७२ मध्ये लिओनी इस्टेट व्हॅनला चार चाकांची ड्राइव्ह दिली. फ्रान्समध्ये आल्सास प्रांतातल्या दांजेल या छोट्या कारखान्याने १९८० मध्ये पूजो ५०४ ब्रेक उंच करून तिला चारचाकी ड्राइव्ह बसवली. हे सगळे कामाच्या गाड्यांचे प्रयोग होते. रोजच्या घरगुती मोटारीत, डांबरी रस्त्यावर, वेगात वापरायची ड्राइव्ह घडली ती इंगोलश्टाटला.

तिथे ऑडीचे अभियंते यॉर्ग बेन्सिंगर यांनी १९७७ च्या हिवाळ्यात फिनलंडमध्ये फोक्सवॅगनची लष्करी इल्टिस गाडी निसरड्या रस्त्यावर चालताना पाहिली. कमी ताकदीची ही गाडी बर्फात जास्त ताकदीच्या मोटारींना मागे टाकत होती. विकासविभागाचे प्रमुख फेर्डिनांड पीएश यांच्या पाठिंब्याने प्रायोगिक गाडी तयार झाली आणि जानेवारी १९७८ मध्ये ऑस्ट्रियातला टुराखर ह्योए हा २३ टक्के चढाचा घाट ती साध्या उन्हाळी टायरवर चढून गेली. इल्टिसमध्ये पुढच्या आणि मागच्या अॅक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नव्हते. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात. दोन्ही अॅक्सल एकमेकांना जखडलेले असतील, तर कोरड्या रस्त्यावर गाडी अडखळते आणि गिअर पिळले जातात. ऑडीने गिअरबॉक्सच्या आत पोकळ शाफ्ट घालून मधले डिफरन्शियल तिथेच बसवले. वेगळा ट्रान्सफर बॉक्स लागला नाही, वजनही फारसे वाढले नाही. मार्च १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ही रचना असलेली ऑडी क्वात्रो आली. तीच रचना पुढे ऑडी १०० अवान्त या वॅगनमध्ये आणि १९८४ मध्ये फोक्सवॅगन पासाट व्हेरिअंट सिंक्रोमध्ये गेली.

या पहिल्या पिढीत मधले आणि मागचे डिफरन्शियल चालकाने हाताने लॉक करायचे असे. अशा गाडीत लॉक लागतो का आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, सुटतो का, हे पाहतात. बर्फातून बाहेर आल्यावर लॉक काढायला विसरलेल्या मालकांनी कित्येक गिअरबॉक्स झिजवले. १९८६ मध्ये ऑडी ८० पासून लॉकची जागा टॉर्सन डिफरन्शियलने घेतली. अमेरिकन अभियंता व्हर्नन ग्लीझमन यांची ही कल्पना वर्म गिअरच्या घर्षणावर चालते आणि ज्या अॅक्सलची पकड जास्त, त्याच्याकडे ताकद आपोआप वळवते. यात वीज नाही, पंप नाही, संगणक नाही. जुन्या बाजारात टॉर्सनची गाडी इतर जातींपेक्षा निर्धास्त मानली जाते, आणि ते योग्यच आहे. तिचे दुखणे दुसरीकडे असते. १९९४ च्या ए४ पासून ऑडीने पुढच्या सस्पेन्शनला अॅल्युमिनियमचे आठ आर्म दिले. इंजिन पुढच्या अॅक्सलच्याही पुढे असल्याने या आर्मच्या बुशांवर आणि बॉल जॉइंटवर मोठा भार येतो. गतिरोधकावर खटखट आवाज येत असेल, तर पूर्ण संच बदलण्याचा खर्च किमतीत धरावा लागतो.

टॉर्सनच्या बरोबरीनेच दुसरा, स्वस्त मार्ग निघाला: व्हिस्कस कपलिंग. छिद्रे असलेल्या पोलादी चकत्यांची एक बंद डबी, आत सिलिकॉनचे दाट द्रव. पुढची चाके घसरून दोन्ही बाजूंच्या वेगात फरक पडला की द्रव तापते, चकत्या एकमेकींना धरतात आणि ताकद मागे जाते. ऑस्ट्रियातल्या ग्रात्सच्या श्टायर-डाइमलर-पुख कंपनीबरोबर फोक्सवॅगनने ही पद्धत गोल्फ सिंक्रोसाठी १९८६ मध्ये आणली. व्होल्वोने ती १९९६ च्या ८५० वॅगनमध्ये आणि पुढच्याच वर्षी आलेल्या व्ही७० क्रॉस कंट्रीमध्ये घेतली.

जुन्या गाड्यांच्या बाजारातली सर्वांत खर्चिक फसगत इथे होते. डबी बंद असल्याने तिचे ऑइल बदलता येत नाही आणि बिघाड बाहेरून दिसत नाही. वर्षानुवर्षे तापून द्रव घट्ट झाले की कपलिंग कायमचे जखडते. मग कोरड्या डांबरावर स्टिअरिंग पूर्ण फिरवून सावकाश गोल चक्कर मारली तर गाडी ब्रेक लावल्यासारखी अडते, टायर उडत-घासत फिरतात. उलटा प्रकारही घडतो. व्होल्वोत गिअरबॉक्सकडून मागच्या शाफ्टला ताकद देणाऱ्या कोनी गिअरपाशी एक दातेरी नळी असते. तिचे दाते झिजले की मागची चाके नुसती फरपटत येतात. गाडी छान चालते, उन्हाळ्यात मालकाला पत्ताही लागत नाही. विकत घेणाऱ्याने गाडी लिफ्टवर घेऊन शाफ्ट खरोखर ताकद नेतो का, हे मेकॅनिककडून पाहून घ्यावे. काही मालकांनी दुरुस्तीचा खर्च टाळून शाफ्टच काढून टाकलेला असतो; वॅगनखाली वाकून पाहणे हा त्यावरचा फुकटचा उपाय.

कपलिंग मरण्याचे मुख्य कारण टायर. नव्या टायरच्या खाचा सुमारे ८ मिलिमीटर खोल असतात. पुढचे दोन टायर नवे आणि मागचे ३ मिलिमीटरवर आलेले असतील, तर सर्वसाधारण मापाच्या टायरमध्ये मागचे चाक प्रत्येक किलोमीटरला सुमारे आठ फेरे जास्त मारते. हा फरक सरळ रस्त्यावरही कपलिंगला तापवत राहतो. म्हणून चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नमुन्याचे आणि जवळपास सारखे झिजलेले असावे लागतात. जर्मनी किंवा स्वीडनमधल्या गाडीबरोबर उन्हाळी आणि हिवाळी असे चाकांचे दोन संच येतात. विक्रेता चांगला संच लावून गाडी दाखवतो. गॅरेजमध्ये पडलेला दुसरा संचही मोजून पाहावा. दोन चाके उचलून टो केलेल्या गाडीचेही कपलिंग गेलेले असू शकते, त्यामुळे अपघाताची चौकशी करताना गाडी कशी ओढून नेली होती, हेही विचारतात.

मर्सिडीजने आपला फोरमॅटिक १९८५ मध्ये दाखवला आणि १९८७ पासून विकला. पकड सुटल्याचे जाणवले की हायड्रॉलिक क्लच पुढची चाके जोडत आणि मग टप्प्याटप्प्याने डिफरन्शियल लॉक करत. कल्पना देखणी, पण आज तिचे सुटे भाग दुर्मिळ आणि महाग आहेत. संग्राहक सोडून इतरांनी तिच्या वाटेला जाऊ नये. १९९७ च्या ई-क्लासमध्ये कंपनीने हा सगळा खटाटोप सोडला. साधी डिफरन्शियल ठेवली आणि घसरणारे चाक ब्रेकने धरण्याचे काम इलेक्ट्रॉनिक्सकडे दिले. या पिढीतली ड्राइव्ह टिकाऊ आहे, पत्रा मात्र बदनाम. पुढच्या स्प्रिंगची वरची बैठक, दारांचे तळ आणि मागची चाककमान गंजलेली आहे का, हे इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी पाहावे. रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या देशांतल्या कोणत्याही वॅगनला हाच नियम लागू: ब्रेकचे पाइप, मागची सबफ्रेम, टो-बारच्या जोडण्या.

बीएमडब्ल्यूची वाट तुटक होती. ३२५ आयएक्सची टूरिंग आवृत्ती १९८० च्या दशकाच्या शेवटी आली, नंतर ५२५ आयएक्स. मग १९९५ च्या फाइव्ह सिरीजमध्ये चारचाकी ड्राइव्ह दिलीच नाही. २००३ पासून आलेल्या एक्सड्राइव्हमध्ये ट्रान्सफर केसमधला क्लच एक विजेची मोटर दाबते. या मोटरमधले प्लास्टिकचे गिअर झिजणे हा परिचित दोष आहे. टायरमधला फरक आणि न बदललेले ऑइल क्लचला धक्के खायला लावतात. हळू वेगात वळताना गाडी थरथरली, तर ते त्याचे लक्षण. २००४ नंतरच्या फाइव्ह सिरीज टूरिंगमध्ये मागे हवेच्या स्प्रिंग असतात. रात्रभर उभी राहिल्यावर गाडीची शेपूट खाली बसली असेल, तर स्प्रिंग गळते आहे आणि कॉम्प्रेसरही दमत आलेला आहे. ऑडीच्या २००० च्या ऑलरोडमध्ये तर चारही कोपऱ्यांत हवा होती आणि उंची १४२ ते २०८ मिलिमीटरपर्यंत बदलता येत असे. ती पाहायला जाताना गाडी आधीच चालू करून ठेवू नका, असे विक्रेत्याला सांगावे. सकाळी थंड गाडी कशी बसलेली आहे त्यावरून निम्मा निकाल लागतो.

१९९८ पासून बाजाराचा मोठा हिस्सा हाल्डेक्सने घेतला. स्वीडनमधल्या लांड्सक्रूनाच्या या कंपनीचा ड्राइव्हचा विभाग २०११ मध्ये बोर्गवॉर्नरकडे गेला. तिचे कपलिंग ऑइलच्या दाबाने चकत्यांचा क्लच दाबते आणि संगणकाच्या हुकमावर उघडते-मिटते. गोल्फ व्हेरिअंट, स्कोडा ऑक्टेव्हिया कॉम्बी, २००५ नंतरची पासाट आणि २००३ च्या मॉडेलपासूनच्या व्होल्वो या सगळ्यांत ते आहे. पासाटवरची फोरमोशनची पट्टी यामुळेच फसवी: २००५ च्या आधी तिच्यामागे टॉर्सन, नंतर हाल्डेक्स. हाल्डेक्सला ठरल्या वेळी नवे ऑइल लागते, आणि ही नोंद सर्व्हिस बुकात बहुधा गायब असते, कारण इंजिन ऑइलच्या नियमित कामात ती मोडत नाही. २०१२ नंतरच्या पाचव्या पिढीत वेगळा फिल्टर नाही. पंपाच्या बारीक जाळीत गाळ अडकतो आणि पंप जळतो. ऑइल बदलल्याची पावती असली तरी जाळी साफ केली होती का, हे विचारावे. व्होल्वोत कपलिंगचा इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल मागच्या डिफरन्शियलवर उघड्यावर असतो आणि पाण्याने बिघडतो, म्हणून स्कॅनर लावून जुने एरर कोड वाचून घेतात. फोक्सवॅगनच्या सहा गिअरच्या, ओल्या क्लचच्या डीएसजी या स्वयंचलित गिअरबॉक्सचे ऑइल दर ६०,००० किलोमीटरला बदलावे लागते. तीही पावती मागावी.

मीटर मागे फिरवणे हा युरोपातल्या सीमापार व्यापाराचा जुना रोग. जर्मनीत २००५ पासून तो गुन्हा आहे, तर बेल्जियममध्ये २००६ पासून विक्रीच्या वेळी कार-पास हा किलोमीटरच्या नोंदींचा दाखला द्यावा लागतो. भारतात अशी गाडी बाहेरून आणणे जवळपास अशक्यच. तीन वर्षांहून जुनी मोटार आणता येत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडेच लागते. ऑक्टेव्हिया कॉम्बी इथे काही वर्षे विकली गेली, पण पुढच्या चाकांच्या ड्राइव्हची. २०१७ मध्ये आलेली व्होल्वो व्ही९० क्रॉस कंट्री ही इथल्या जुन्या बाजारात क्वचित भेटणारी, चारही चाकांना ड्राइव्ह असलेली खरी वॅगन, आणि तिला हाल्डेक्सच्याच कसोट्या लागतात.

२०१२ च्या सुमारास मधला शाफ्टच नाहीसा होऊ लागला. पूजो ५०८ आरएक्सएच आणि व्होल्वो व्ही६० प्लग-इन हायब्रिडमध्ये पुढची चाके डिझेल इंजिन चालवते, मागची विजेची मोटर. टायरच्या झिजेतला फरक इथे कोणतेही कपलिंग जाळत नाही. तपासणी बॅटरीकडे वळते: पूर्ण चार्जवर गाडी नुसत्या विजेवर किती धावते, बॅटरी थंड ठेवणारी यंत्रणा चालू आहे का, आणि बॅटरी संपल्यावर मागच्या चाकांना ताकद मिळते की गाडी नकळत पुढच्याच चाकांवर चालू लागते.