जावास्क्रिप्ट नमुन्यांची प्रकारतपासणी

सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेत दिलेले जावास्क्रिप्ट कोडचे नमुने प्रत्यक्ष न चालवता, त्यांतील मूल्यांचे प्रकार लायब्ररीच्या व्याख्यांशी जुळतात की नाही हे यंत्राकरवी पडताळण्याची पद्धत.

जावास्क्रिप्टमध्ये (पहा : जावास्क्रिप्ट) चलाचा प्रकार प्रोग्रॅम चालतानाच ठरतो. त्यामुळे लायब्ररीतील फंक्शनचे नाव बदलले तरी पुस्तिकेतला जुना नमुना तसाच राहतो आणि चूक तो उतरवून घेणाऱ्याच्या पदरी पडते. पायथॉनमध्ये नमुने चालवून पाहणारे डॉकटेस्ट २००१ पासून भाषेसोबतच मिळते. जावास्क्रिप्टसाठी वाट मोकळी केली ती मायक्रोसॉफ्टच्या टाइपस्क्रिप्टने (२०१२). त्याच्या २.३ आवृत्तीपासून (२०१७) फाइलीच्या माथ्यावर ‘टीएस-चेक’ ही टिप्पणी लिहिली, की साध्या जावास्क्रिप्टचीही तपासणी होते.

तपासणीचे साधन मजकुरातून (पहा : मार्कडाउन) कोडचे तुकडे वेगळे काढून टाइपस्क्रिप्टच्या कंपायलरकडे देते. खरी अडचण तुकड्यांच्या अर्धवटपणाची : वाचकाच्या सोयीसाठी इम्पोर्टच्या ओळी गाळलेल्या असतात, कंपायलरला मात्र त्या हव्याच. टाइपस्क्रिप्टच्या अधिकृत संकेतस्थळावर वापरले जाणारे ट्वोस्लॅश हे साधन ‘कट’ खुणेच्या वरच्या ओळी तपासते, पण दाखवत नाही. मुद्दाम चुकीच्या नमुन्यासाठी ‘टीएस-एक्स्पेक्ट-एरर’ (२०२०) ही टिप्पणी आहे; तिच्या पुढच्या ओळीत चूक न सापडणे हीच चूक धरली जाते.

चुकीची फंक्शननावे, विसरलेली प्राचले व काढून टाकलेले गुणधर्म या पद्धतीने प्रकाशनापूर्वीच उघड होतात. तर्कातील चूक सुटते; बेरजेऐवजी वजाबाकी लिहिली तरी प्रकार जुळतातच (पहा : सॉफ्टवेअर चाचणी).